पडलेल्या बागेतली सभा

नगर जिल्ह्यात जाऊन आले म्हटल्यावर आमच्या वाडीत पहिला प्रश्न आला, "शिर्डीचा प्रसाद कुठे?" शिर्डीला गेलेच नाही म्हटल्यावर दुसरा आला, "मग द्राक्षं तरी आणलीत का?" आता द्राक्षं पिकतात शिमग्याच्या सुमाराला आणि मी गेले होते दिवाळीनंतर, कार्तिक संपताना. म्हणजे प्रसाद नाही, द्राक्षं नाहीत, आणि वर भाऊजींची डाव्या पायातली चप्पल पुण्याच्या स्टँडवर राहिलेली. "एवढी दगदग करून बघितलंत तरी काय?" असं शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. एक जळलेली बाग बघितली. काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की म्हटलं, हे एकदा नीट लिहूनच काढावं.

आमची राजापूरकडे हापूसची बाग आहे. आमचे हे मुंबईला पोस्टात, त्यामुळे बाग बघते मी. बांधाला बांध लागून माझ्या दिरांची, म्हणजे भाऊजींची बाग. भाऊजींच्या आंब्यात दर वर्षी साका निघतो. वरून फळ सोन्यासारखं आणि कापलं की आत पांढरी, चरबट गाठ. दर वर्षी त्याला कारण मात्र नवं असतं. कधी खारा वारा, कधी गाडीवाल्याने दिलेले हिसके, कधी शेजारणीची दृष्ट. शेजारीण म्हणजे मी.

गावातल्या बागाईतदारांनी संघ काढायचा म्हणून आम्ही कितीदा तरी बसलो होतो. प्रत्येक सभेत प्रत्येकाचा आंबा पंचक्रोशीत पहिला असायचा. चहा संपायचा आणि सभाही संपायची. शेवटी शेतकी खात्यातले एक साहेब वैतागून म्हणाले, "तुम्ही एकदा घाटावर जाऊन द्राक्षवाल्यांचं काम बघून या." द्राक्ष बागाईतदारांचा राज्याचा संघ आहे, कचेरी पुण्याला आणि शाखा तालुक्या-तालुक्यात. त्यांतली संगमनेरची शाखा बघावी असं ठरलं. जायला दोघं निवडली. भाऊजी, कारण ते बोलतात. आणि मी, कारण कोणीतरी ऐकायला हवं.

संगमनेर

एस.टी.च्या प्रवासाबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे, ज्यांनी केला नाही त्यांनी सुखात राहावं.

पहाटे उतरलो तर थंडी अशी की माझे दात आपापसात बोलायला लागले. आमच्याकडे थंडी म्हणजे अंगावर पदर ओढून घेण्यापुरती. इथे माणसं कानाला मफलर गुंडाळून, शेकोटीकडे तळवे करून बसली होती. त्यांतलाच एक म्हातारा उठून आमच्याकडे आला. धोतर, पांढरी टोपी, वर जाड लोकरी बंडी. "कोकनातलं पाव्हनं तुमीच का?" हे शाखेचे अध्यक्ष. त्यांना सगळे तात्या म्हणतात, म्हणून आम्हीही तात्याच म्हणायला लागलो.

तात्यांनी आधी चहा पाजला, मग संघाचं गोदाम दाखवलं. मोरचुदाची पोती, तारेची वेटोळी, द्राक्षं भरायच्या पाट्या. एकट्या माणसाला दुकानदार जो माल देतो त्यापेक्षा चांगला माल संघ सगळ्यांसाठी एकदम आणतो. कोणाच्या बागेत काही बिघडलं की पुण्याहून तज्ज्ञ येतो. माल दिल्लीला आणि कलकत्त्याला पाठवायचा तर रेल्वेशी भांडायला संघ असतो. हे सगळं भाऊजी माना डोलावून ऐकत होते. मी मात्र तात्यांच्या हाताकडे बघत होते. बोलता बोलता त्यांनी अंगणात द्राक्षावरचं औषध करून दाखवलं. एका मातीच्या कुंडीत मोरचुदाचं निळं पाणी, दुसरीत कळीचा चुना विरघळवलेला, आणि दोन्ही धारा एकदम तिसऱ्या कुंडीत. रंग असा सुरेख आला की लुगडं रंगवून घ्यावं. मग त्यांनी कमरेचा विळा काढला, पातं फडक्याने पुसलं आणि त्या निळ्यात बुडवलं.

"इळा हाय तसा ऱ्हायला तर औषध. लाल झाला तर इख," तात्या म्हणाले. "चुना कमी पडला किंवा चुन्यात जीव नसला की तांबं सुटतं. पान जाळतं. इळा बुडवल्याबिगर आमी फवाऱ्याला हात लावत न्हाई."

त्यांचा विळा होता तसा लखलखीतच वर आला.

"आता तुमची सगळ्यांत चांगली बाग दाखवा," भाऊजी म्हणाले.

"चांगली बाग बघून काय करनार?" तात्यांनी शांतपणे विचारलं. "परवा आमची सभा हाय. ती पडलेल्या बागंत असती. तुमची उतरायची सोय बी तिथंच केलीया."

भाऊजींना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. थट्टा नव्हती. ह्या शाखेची रीतच अशी आहे. वर्षात ज्याची बाग पडली, म्हणजे वाया गेली, त्याच्या बागेत सभा. सभेत पहिल्यांदा बोलायचं त्या बागेच्या मालकाने, आणि त्याने आपण काय केलं ते सांगायचं. पूर्वी एका माणसाची बाग एका चुकीने गेली, त्याने लाजेने ती कोणाला सांगितली नाही, आणि त्याच चुकीने पुढे आणखी दोघांच्या बागा गेल्या. तेव्हापासून हे सुरू झालं.

"पण चारचौघांत असं कोण सांगेल?" भाऊजी म्हणाले. "आमच्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"व्हय, आमच्याकडं बी म्हनत्यात," तात्या म्हणाले. "पन मूठ झाकून छाटनी करता येत न्हाई, पाव्हनं."

भाऊजी गप्प झाले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण लग्न होऊन त्या घरात आल्यापासून मी हे पहिल्यांदाच पाहिलं.

मळ्यावर

इकडे माणसं गावात कमी आणि मळ्यात जास्त राहतात. प्रवरेच्या काठची काळी जमीन, पाटाचं पाणी, आणि जिकडे बघावं तिकडे ऊस. साखर कारखाना झाल्यापासून उसाने सगळं शिवार घेतलंय. मावळतीला सह्याद्रीची रांग निळसर दिसते. तिच्या पलीकडे आपलं घर आहे ह्या विचाराने मला उगीचच बरं वाटलं.

उसाच्या त्या हिरव्या भिंतींमध्ये रंगनाथरावांची द्राक्षबाग होती. दगडी खांब, तारांचा मांडव, मांडवावर वेली. जवळ गेलो तर पानं कडेने करपून आत वळली होती. फुलोऱ्याचे बारके घोस काळे पडले होते, फोडणीत जळलेल्या मोहरीसारखे. गेल्या दुष्काळाच्या आधीच्या वर्षी ह्याच बागेच्या घोसाला संघाच्या प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला होता. त्याची ढाल घराच्या ओसरीवर टांगलेली होती आणि येणाऱ्याला ती बागेच्या आधी दिसायची.

रंगनाथराव उंच, कमी बोलणारा माणूस. "या," म्हणाले. "आभाळ आलं, केवडा पडला, बाग गेली." केवडा म्हणजे ढगाळ हवेत द्राक्षावर येणारा रोग. एवढं सांगून ते बैलांकडे निघून गेले. भाऊजींचे पुढचे चार प्रश्न तोंडातच राहिले.

घर चालत होतं ते भागाबाईंवर. रंगनाथरावांची बायको. वयाने माझ्याएवढी, चालणं मात्र माझ्या दुप्पट. आल्याबरोबर तिने तांब्याभांडं पुढे केलं. मी अर्धं भांडं पाणी प्याले आणि आमच्या सवयीने उरलेलं अंगणात भिरकावलं. त्या बाईने भिजलेल्या मातीकडे क्षणभर बघितलं. नंतर दिवसभर माझ्या लक्षात आलं की ह्या घरात भांडी विसळलेलं पाणी तुळशीला जातं, हात धुतलेलं पाणी शेवग्याला जातं, आणि तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला. आमच्याकडे चार महिने पाणी छपरावरून, अंगणातून, पायांखालून धावतं आणि समुद्राला मिळतं, त्याचं आम्हाला काहीच वाटत नाही. दुसऱ्या भांड्यातला थेंबन् थेंब मी पिऊन टाकला.

दुपारी जेवायला मासवडी आहे असं कळल्यावर भाऊजींची कळी खुलली. दोन दिवसांत मासळीचा वास नव्हता. ते मांडी ठोकून बसले. पानात आलं ते बेसनाचं, आत तीळ, खोबरं, लसूण, कोथिंबिरीचं झणझणीत सारण, आकार तेवढा माशासारखा, आणि शेजारी लाल रस्सा. भाऊजींनी एक वडी उलटीपालटी करून पाहिली. "ह्यात मासा?" त्यांनी हळूच मला विचारलं. मी म्हटलं, "नावात आहे." पण बाजरीच्या भाकरीबरोबर त्यांनी ती तीनदा मागून घेतली, आणि कपाळावरचा घाम धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

संध्याकाळी चुलीपुढे भागाबाई बोलायला लागली. मी सोबत आणलेली आमसुलं ती एकेक करून वासावर घेत होती, आणि बोलणं बागेचं चाललं होतं. दुष्काळात त्यांची विहीर आटली. दिवसा ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथून आली की नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर हंडा भरायचा आणि बागेत यायचं.

"एका येलाला एक तांब्या," ती म्हणाली. "जास्त न्हाई. आज ह्या वळीला, उद्या त्या वळीला. हे म्हनायचे, सोड नाद. म्या म्हनलं, लेकरावानी वाढवल्या, आता तोंडचं पानी काडू व्हय? समद्या जगल्या बगा ताई. एक बी मेली न्हाई."

दारातूनच कडेची एक वेल दाखवून ती हसली. ह्या वेलीने कधी धड घोस दिला नव्हता, पण पाणी मात्र सगळ्यांत आधी प्यायची. तिचं नाव भागाबाईने ठेवलं होतं सासूबाई.

"आता सुधारेल का बाग?" मी विचारलं.

तिचं हसू गेलं. "परवा सभा. तेरवा नांगर यायचा हाय," ती म्हणाली. "हे म्हनत्यात, उपटून टाकायची आन् ऊस लावायचा. पहिला नंबर आलेल्या मानसानं पडलेल्या बागंत तोंड घेऊन न्हाई फिरायचं म्हनत्यात. ऊस काय, कुनाला बी येतो ताई. ही बाग म्या तांब्यानं जगवलीया."

पाऊस नसताना जी मेली नाही, ती बाग चांगल्या पावसाच्या वर्षी उपटायची. आणि ती वाचवायला त्या बाईच्या हातात सभेपर्यंतचा एक दिवस होता, आणि सभेत तर बायका नसतातच. मला रंगनाथरावांचा राग आला. मी तो दाबून ठेवला, कारण पाहुणी होते आणि घोंगडी त्यांचीच पांघरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चूल सारवत होती. सारवता सारवता तिने विचारलं, "तुमच्याकडं चुना कसला असतो ताई?"

मला चुन्याबद्दल बोलायला आवडतं, कारण आमच्या खाडीच्या शिंपल्यांचा चुना म्हणजे चुना. शिंपले भाजायचे, कळी काढायची, पाण्यात टाकली की कशी फुत्कारते, कशी उकळते, सगळं सांगितलं.

"आन् वरीसभर मडक्यात ठिवला तर?"

"तर त्याची माती," मी म्हटलं. "हवेनेच मरतो तो. शिळा चुना पाण्यात टाकलात तर उकळायचा नाही. गप्प बसेल."

तिचा हात पोतेऱ्यावर थांबला. "गप बसतो?"

"गप्प बसतो."

ती उठली, हात धुतले, ते पाणीही न विसरता शेवग्याला घातलं आणि बागेकडे निघून गेली. दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, आमच्या चुन्याची फारच बढाई मारली की काय.

सभा

सभेच्या दिवशी ऊन वर आलं तशी माणसं यायला लागली. सायकलींवर, बैलगाड्यांतून, एका जीपमध्ये दाटीवाटीने बसून. मांडवाखाली जाजम टाकलं होतं. प्रत्येकाच्या खांद्याला पिशवी होती. मला आणि भाऊजींना तात्यांच्या शेजारी खुर्च्या दिल्या. एवढ्या टोप्यांत पदर एकटा माझाच. आजूबाजूच्या मळ्यांतल्या बायका पलीकडे चुलाणावर स्वयंपाकाला लागल्या होत्या आणि भागाबाई त्यांच्यात होती. मी खुर्चीवर आणि ती चुलाणापाशी, हे मला मुळीच बरं वाटेना.

आमच्याकडे सभा सुरू होते ती सत्काराने. इथे नारळ नाही, हार नाही. सगळे आधी उठून बागेतून एक फेरी मारून आले. कोणी पान उलटं करून बघत होता, कोणी घोस चुरगाळून वास घेत होता. पुण्याहून संघाचे तज्ज्ञ आले होते, चष्मेवाले, तरुण. त्यांनी पुष्कळ पानं उलटी केली आणि तात्यांच्या कानाशी म्हणाले, "केवडा असता तर पानाखाली पांढरी बुरशी दिसली असती. मला कुठेच दिसत नाही." तात्यांनी नुसती मान हलवली. सगळे बसले.

रंगनाथराव उभे राहिले. "आभाळ आलं, केवडा पडला, बाग गेली," एवढं म्हणाले आणि खाली बसले. मला म्हणाले होते तेच, तसंच, शब्दन् शब्द.

मग तात्या म्हणाले, "रंगा, तुझ्या बागंत केवडा असंल तर आमच्यात बी आलाच म्हनायचा. समद्यांनी आज घरी जाऊन फवारा मारला पायजे, ह्या फुलोऱ्यात. नाजूक येळ हाय. तरी मारू. तू म्हनतोस म्हनून मारू. पन खरंच केवडा हाय का?"

रंगनाथराव जाजमाकडे बघत बसले. एवढा उंच माणूस, पण बसल्या जागी कमी कमी होत गेल्यासारखा दिसत होता.

"इळा बुडवला हुतास का?" तात्यांनी विचारलं.

तेव्हा चुलाणाकडून भागाबाई आली. पदर डोक्यावर, हाताला बाजरीचं पीठ. जाजमाच्या कडेला उभी राहिली. पुरुषांच्या सभेत उभं राहायची सवय नव्हती म्हणून बोलताना ती कोणा माणसाकडे बघतच नव्हती, मांडवाच्या दगडी खांबाकडे बघत होती.

"केवडा न्हाई," ती म्हणाली. "भाऊबीजंला आभाळ आलं. हे म्हनले, उद्या सकाळी फवारलंच पायजे. सनाची दुकानं बंद. घरात चुना न्हवता. लेकीच्या लग्नात घर रंगवलं, त्यातली कळी म्या मडक्यात घालून ठिवली हुती. ती म्या काडून दिली. पानी वतलं तर उकळली न्हाई. म्या बघितलं. म्हनलं, थंडीमुळं आसंल. चुना मेलेला हुता. बाग म्या जाळली. आभाळाला बोल लावू नका."

चुन्याबद्दल मी बढाईत सांगितलेली गोष्ट तिने सगळ्यांसमोर आणली होती, आणि तिची झळ स्वतःवर घेतली होती.

रंगनाथराव उठले. मला वाटलं, हा आता हिला गप्प बसवणार. ते तडक घरामागे गेले आणि कडब्याच्या गंजीमागून काढल्यासारखं काडीकचरा लागलेलं काहीतरी घेऊन आले. विळा होता. पातं तांबूस झालेलं.

"चुना तिनं दिला, खरं हाय," ते म्हणाले. "पन इळा बुडवायचं काम माझं. पहिला नंबर आलेला मानूस मी. म्हनलं, हात बसलाय, कशाला बुडवायचा. समदी बाग फवारून झाल्यावर पिंपात तळाला उरलं हुतं त्यात बुडवला. हे असं झालं. त्याच दिवशी समजलं मला. तिला बी सांगितलं न्हाई. म्हनलं, कुनाला कळलं तर म्हनतील, बायकोच्या चुन्यानं बाग गेली. नाव तिचं यायचं, चूक माझी. म्हनून केवडा म्हनलो."

ती त्याच्याकडे बघत होती. एका घरात, एका चुलीवर जेवून, दोघांनी ती एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली होती. तिला वाटत होतं आपण बाग जाळली, त्याला वाटत होतं आपण जाळली, आणि मध्ये बिचारं आभाळ बदनाम झालं.

तात्यांनी विळा हातात घेतला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि शेजारच्याकडे दिला. तो विळा हातोहात सबंध जाजमावर फिरला. माझ्या हातात आला तेव्हा पाहिला, जुन्या पैशाच्या रंगाचा. फिरून परत आल्यावर तात्या म्हणाले, "हं. आता सभा सुरू झाली म्हनायची."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी च्‌च्‌ केलं नाही. लोक प्रश्न विचारायला लागले. चुना किती जुना होता, मडक्याचं तोंड बंद होतं का, फवारल्यावर पान किती वेळाने करपलं. आणि उत्तरं दोघं देत होती. एक वाक्य ती, एक वाक्य तो. आपल्या घरचा चुनाही दिवाळीचाच आहे असं तिथल्या तिथे दोघा-तिघांनी सांगून टाकलं.

मग तात्या उठून पहिल्या वेलीपाशी गेले आणि खोडाची साल नखाने खरवडली. आत ओलं, हिरवं. "जीव हाय," ते म्हणाले. तज्ज्ञांनीही पाच-सहा वेली बघितल्या आणि सांगितलं की ह्या हंगामाचा माल गेला तो गेलाच, पण वेली मेलेल्या नाहीत. करपलेल्या काड्या काढा, चैत्रात छाटणी घ्या, पुढच्या वर्षी बाग उभी राहील.

"आमच्या नखावर जाऊ नको," तात्या रंगनाथरावांना म्हणाले. "तुझ्या नखानं बघ."

रंगनाथराव ओळीने बघत गेले. भागाबाई त्यांच्या मागून. शेवटी त्या कडेच्या वेलीपाशी, सासूबाईपाशी पोचले. तिची साल जाड, जुनी. त्यांनी खरवडली आणि ते नुसते बाजूला झाले. तिने वाकून पाहिलं.

"हिरवी हाय," ती म्हणाली. "म्हातारी जात न्हाई कुटं."

पहिल्यांदा सगळी सभा हसली. त्या हशातच रंगनाथरावांनी एका शेजाऱ्याला सांगितलं, "तेवढा नांगर नको म्हनून सांग."

त्यानंतर त्या पिशव्या उघडल्या. मला इतका वेळ वाटत होतं त्यांत भाकरी असतील. होत्या कात्र्या. इर्जिक म्हणून जुनी चाल आहे ह्या भागात. एकाच्या रानात गावाने आपापले बैल घेऊन यायचं, दिवसभर राबायचं आणि त्याने जेवण घालायचं. संघवाल्यांनी बैलांच्या जागी कात्र्या आणल्या, एवढाच बदल. प्रत्येकाने एकेक ओळ धरली. जीपमधून आलेले बागाईतदार, सायकलवरून आलेले, पुण्याचे चष्मेवाले, सगळे करपलेल्या काड्या काढत होते. भाऊजींनीही कात्री मागून घेतली आणि पहिल्याच वेलीची एक चांगली हिरवी काडी कापली. ते कबूल करायला ते स्वतःच तात्यांकडे गेले. मी लांबून पाहिलं आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

जेवणाच्या वेळी तात्यांनी भागाबाईला पहिल्या पंगतीला बसवलं. ती नाही-नाही म्हणत होती, पण तात्यांपुढे कोणाचं चालत नाही. मी तिच्या पाटाला पाट लावून बसले. तात्या वाढप्याला थांबवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्होरल्या सभेपासनं घरटी दोघं यायचं. चुना घरातनं येतो. मग सभेला निम्मंच घर का?"

मी कोकणातली, आपल्या माणसांचा अभिमान मला उपजतच आहे. आंब्याचा आहे, समुद्राचा आहे. पण त्या दिवशी त्या पंगतीत बसून मला ज्या माणसांचा अभिमान वाटला ती माझ्या नात्याची नव्हती, गोताची नव्हती, त्यांची भाषाही माझ्या कानाला नवी होती. तरी वाटला. भाकरीवर मी पाणी प्याले. भांड्यात उरलेलं मी टाकलं नाही.

घरी

परतीच्या प्रवासात भाऊजी गप्प. पुण्याला गाडी बदलताना त्यांची चप्पल राहिली ती ह्याच तंद्रीत. घाट उतरायला लागलो, हवेत ओलावा आला, तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "वहिनी, आंबे उतरवले की मी दुपारभर कातळावर ठेवतो. खालून कातळ तापलेला, वरून ऊन. साका त्यानेच होत असणार. मला केव्हापासून वाटतंय ते."

मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी लगेच खाऱ्या वाऱ्याचं नाव घेतलं असतं.

आल्यावर आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बागाईतदार जमले. सगळी हकीकत मी सांगितली, भाऊजींनी नाही. लोकांनी ऐकली, छान-छान म्हटलं, आणि चहा आल्यावर प्रत्येकाचा आंबा पुन्हा पंचक्रोशीत पहिला झाला. मी कप गोळा करायला लागले. तेवढ्यात कोणीतरी गमतीने विचारलं, "मग आपली पहिली सभा कोणाच्या बागेत?" सगळे हसले आणि मग एकेक करून गप्प होत गेले. कोणी सुपारी कातरत होता, कोणी माडाकडे बघत होता.

भाऊजी उठले. एका पायात जुनी चप्पल, एका पायात नवी.

"माझ्या बागेत," ते म्हणाले. "वैशाखात, आंबे उतरवायच्या दिवशी. साका का निघतो ते मी सांगतो. वाऱ्याने नाही निघत, आणि वहिनीच्या दृष्टीने तर नाहीच नाही. येताना घरटी दोघं या."

मी हातातले कप खाली ठेवले. हा माझा दीर, असं मोठ्याने सांगावंसं वाटलं. पण तिथे त्यांना ओळखत नव्हतं असं कोणीच नव्हतं.

काकूंनी मला कोपराने ढोसलं. "काय गो," त्या कानाशी म्हणाल्या, "तिकडे ह्याला खायला घातलं तरी काय?"

"मासवडी," मी म्हटलं.